एका साक्षीदाराचं मत

अण्णा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडायला मला दोन वर्षं लागली. आत फार काही नव्हतं. खाकी शर्टाला लावायचा ड्रायव्हरचा बिल्ला, तीन-चार जुनी लायसनं, मालकानं दिलेला एक दाखला आणि लायसनच्या पुस्तकात चार घड्या घालून ठेवलेला एक कागद. घड्यांवर तो फाटला होता, पण वाचता येत होता. १९७१ सालचं ते समन्स होतं. मोटार वाहन कायदा १९३९, कलम ११५. आरोप : मर्यादेपेक्षा जास्त वेगानं मालट्रक चालवणं.

खाली आरोपीला दोन वाटा दिल्या होत्या. एक तर अमुक तारखेला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावं. नाहीतर त्या तारखेच्या आत रजिस्टर पत्रानं गुन्हा कबूल करावा आणि पंचवीस रुपये भरावेत. कागदाला टाचणीनं रजिस्टरची पावती लावलेली होती. टाचणीचा गंज पावतीवर उतरला होता. म्हणजे अण्णांनी दुसरी वाट धरली होती. समन्सच्या पाठीमागे पेन्सिलीनं काही खरडलेलं होतं. ते मला तेव्हा लागलं नाही.

ही गोष्ट घरात आम्ही अनेकदा ऐकली होती. अण्णा कोल्हापूरहून गुळाचे रवे भरून पुण्याकडे निघाले होते. कराडच्या अलीकडे एका गावाच्या वेशीवर एक हवालदार उभा होता. त्यानं गाडी थांबवली नाही, हातही केला नाही. नंबर तेवढा लिहून घेतला असावा. "भरलेली गाडी, त्यात चढ. पळवायची म्हटली असती तरी पळाली नसती," असं अण्णा शेवटपर्यंत म्हणत. दंडाचं त्यांना फारसं वाटलं नाही. 'कबूल' हा शब्द लिहून द्यावा लागला, हे मात्र त्यांच्या मनातून गेलं नाही. एरवी स्वतःबद्दल कमी बोलणारा माणूस हा विषय निघाला की ताट बाजूला सारून बोलायचा.

मी वकील नाही. एका सहकारी बँकेत सव्वीस वर्षं कारकुनी केली, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मग जुने कायदे वाचायची खोड लागली. ट्रंकेतल्या कागदानं मला एक साधा प्रश्न घातला : अण्णांनी वकील द्यायला हवा होता का? आईच्या आठवणीप्रमाणे त्यांनी एका वकिलाला विचारलंही होतं. त्यानं तारखेला तीस रुपये सांगितले. दंड पंचवीस, वकील तीस, वर प्रत्येक तारखेला बुडणारी खेप आणि तिचा भत्ता. हिशेब पोस्टात उभ्या उभ्या संपण्यासारखाच होता. पण हे आकडे असे बसवले कोणी, हे शोधत मी मागे गेलो. मागे जाता जाता इंग्लंडमध्ये पोचलो, कारण आपला मोटारीचा कायदा बराचसा तिथल्याच कापडातून बेतलेला आहे.

इंग्लंडमध्ये मोटारीच्या वेगाबद्दल शिक्षा झालेला पहिला माणूस म्हणून वॉल्टर अर्नोल्डचं नाव सांगतात. हा गृहस्थ बेन्झ गाड्यांचा व्यापारी. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातल्या पॅडक वूड गावातून तो ताशी आठ मैलांनी गेला. तिथे मर्यादा होती दोन मैलांची, कारण तेव्हाचा कायदा वाफेच्या अजस्र इंजिनांसाठी १८६५ साली केलेला होता. गावातला पोलीस सायकलीवर बसला आणि पाच मैल पाठलाग करून त्यानं अर्नोल्डला पकडलं. वेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग, आणि कोर्टाचा खर्च त्याच्या कितीतरी पट. दंडापेक्षा कज्जा महाग पडायची रीत पहिल्याच खटल्यापासूनची आहे. अर्थात अर्नोल्डला हे परवडलं असणार. गाड्या विकणाऱ्याला असली बातमी फुकटच्या जाहिरातीसारखी.

त्याच वर्षाअखेर मर्यादा वाढली आणि १९०३ च्या मोटार कार कायद्यानं ती ताशी वीस मैल केली. हा कायदा मी बारकाईनं वाचला, कारण त्याच्या नवव्या कलमात माझ्या शोधाचं मूळ होतं. त्याचा आशय असा : वाहनाचा वेग किती होता याबद्दल केवळ एका साक्षीदाराचं मत आहे, एवढ्यावरून कोणालाही वीस मैलांच्या मर्यादेबद्दल दोषी ठरवू नये. चोरीच्या खटल्यात एका विश्वासू साक्षीदारावर शिक्षा होऊ शकते, मारहाणीतही होऊ शकते. मग वेगालाच ही सवलत का? एक कारण रास्त आहे. वेग डोळ्यांना दिसतो पण मोजता येत नाही. ज्यानं आयुष्यभर घोडागाडी पाहिली त्याला वीस मैल म्हणजे बंदुकीची गोळी. दुसरं कारण उघड आहे. तेव्हा मोटार असणारे लोक आणि कायदा करणारे लोक एकाच क्लबात जेवत होते. आपल्या शब्दापुढे गावच्या शिपायाचा शब्द टिकावा हे त्यांना मानवणारं नव्हतं. मला दोन्ही कारणं खरी वाटतात. स्वतःच्या सोयीसाठी केलेला नियमही न्याय्य असू शकतो.

पोलिसांनी या वाक्यावर तोड काढली. रस्त्याचा एक टप्पा मोजून ठेवायचा, दोन्ही टोकांना झुडपाआड माणसं बसवायची आणि स्टॉपवॉच लावायचं. आता ते एकाचं मत राहिलं नाही, गणित झालं. लंडन ते ब्रायटन रस्त्यावर असे सापळे फार होते. १९०५ साली मोटारवाल्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन काढली ती मुख्यतः या सापळ्यांविरुद्ध. त्यांनी सुरुवातीला वकील नेमले नाहीत, सायकलस्वार नेमले! हे स्वार रस्त्यावर फिरत आणि पुढे सापळा असला की येणाऱ्या गाडीला खूण करत. वकिलाच्या एका फीत सायकलवाला कितीतरी दिवस राबत असेल.

प्रकरण कोर्टात गेलंच. १९०७ च्या वृत्तग्रंथात छापलेल्या बॅस्टेबल विरुद्ध लिटल या निकालात, ज्या गाड्या मर्यादेबाहेर असल्याचं सिद्ध झालेलं नाही त्यांना खूण करणं म्हणजे पोलिसांना अडथळा नव्हे, असं ठरलं. १९१० च्या वृत्तग्रंथात छापलेल्या बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स या खटल्यात गाड्या आधीच जोरात होत्या, म्हणून खूण करणारा दोषी ठरला. त्यानंतर असोसिएशननं उलटी खूण काढली. तिचा स्वार सभासदाच्या गाडीला एरवी सलाम करायचा. ज्या दिवशी तो सलाम करणार नाही, त्या दिवशी सभासदानं थांबून कारण विचारायचं. सलाम न करण्याबद्दल कोणाला कसं पकडणार!

पण मला या संस्थेचं दुसरं एक काम जास्त महत्त्वाचं वाटतं. वर्गणी भरणाऱ्या सभासदावर खटला झाला तर संस्था आपल्या खर्चानं वकील देऊ लागली. एका दंडासाठी वकील परवडत नव्हता. हजारोंच्या वर्गणीत तो सहज परवडला. आणि ज्या शिपायाला समोर वकील उभा राहणार हे ठाऊक असतं, तो घड्याळ नीट लावतो, टप्पा नीट मोजतो. म्हणजे वकील दिल्याचा फायदा ज्यानं दिला त्याच्या एकट्याचा नसतो. हे पंचवीस-तीसच्या हिशेबात कुठे येत नाही.

पुढे १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्यानं मोटारगाड्यांवरची वेगमर्यादाच काढून टाकली, कारण ती कोणी पाळत नव्हतं. वस्तीतली तीस मैलांची मर्यादा १९३५ मध्ये परत आली. पण १९३० च्या कायद्यात आणखी एक संरक्षण आलं. वेगाबद्दल खटला भरायचा तर त्या माणसाला तिथल्या तिथे तशी ताकीद द्यायला हवी, किंवा चौदा दिवसांत लेखी नोटीस पाठवायला हवी. दोन महिन्यांनी कोणाला काय आठवणार, हा त्यामागचा साधा विचार.

ही दोन्ही वाक्यं १९३९ साली बोटीतून यावीत तशी आपल्या मोटार वाहन कायद्यात आली. कलम ११५, पोटकलम ३ : वेग बेकायदा होता असं एका साक्षीदाराचं मत आहे, एवढ्यावरून शिक्षा करू नये, ते मत एखाद्या यांत्रिक साधनानं काढलेल्या अंदाजावर आधारलेलं असलं पाहिजे. कलम १३१ : जागेवर ताकीद, नाहीतर चौदा दिवसांत नोटीस, नाहीतर अठ्ठावीस दिवसांत समन्स. यातलं काहीच नसेल तर शिक्षा नाही. अपवाद आहेत, म्हणजे नाव-पत्ता प्रयत्न करूनही न मिळणं किंवा आरोपीनंच तसं वागणं. पण नंबरावरून मालकाचा पत्ता लागतो.

मी ट्रंकेतलं समन्स पुन्हा काढलं. गुन्ह्याची तारीख आणि समन्सची तारीख दोन्ही त्यावर होत्या. बोटांवर मोजलं, मग कॅलेंडर मांडून मोजलं. मधे अडुसष्ट दिवस होते. नोटीस मालकाकडे आली नव्हती, समन्सच आलं होतं. साक्षीदाराच्या रकान्यात एकच नाव होतं. यंत्राचा उल्लेख नव्हता.

ज्या कायद्याखाली अण्णांनी गुन्हा कबूल केला, त्याच कायद्यातली दोन कलमं त्यांच्या बाजूनं उभी होती. ती कलमं समन्सावर छापायची पद्धत नव्हती. छापलं होतं ते कलम १३०, म्हणजे टपालानं कबुलीचं. आणि इथे मला गंमत वाटली, कारण या बाबतीत हिंदुस्थान पुढे होता. इंग्लंडमध्ये टपालानं गुन्हा कबूल करायची कायदेशीर पद्धत आली १९५७ च्या कायद्यानं. आपल्याकडे ती त्याआधी अठरा वर्षं होती. कलम १३० चा सौदा असा : रजिस्टर पत्रानं कबूल करा, जास्तीत जास्त पंचवीस रुपयांपर्यंत कोर्ट सांगेल तेवढी रक्कम भरा. मग त्या गुन्ह्याबद्दल पुढे काही कारवाई होणार नाही आणि या कबुलीमुळे तुमचं लायसनही काढून घेतलं जाणार नाही.

शेवटचा भाग ड्रायव्हरच्या कानांनी ऐकायला हवा. कोर्टात गेलात आणि हरलात, तर कलम ११५ खाली दंड शंभर रुपयांपर्यंत जाऊ शकत होता. लायसनवर काही येईल का, ही भीती वेगळीच. कबूल केलंत तर पंचवीस रुपये आणि लायसन शाबूत. अण्णांच्या घरात तेव्हा सहा माणसं त्या लायसनवर जेवत होती. कायद्यानं कबुली मागितली नव्हती, ती विकत घेतली होती. आणि भावही चांगला दिला होता.

असा सौदा सगळीकडे होतो का, हे पाहताना अमेरिकेचं उदाहरण समोर आलं. तिथे पोलिसांच्या हाती रडार आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५५ मध्ये न्यूजर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं स्टेट विरुद्ध डँटोनियो या खटल्यात असं धरलं, की रडारचं तत्त्व आता सर्वमान्य आहे, ते प्रत्येक खटल्यात तज्ज्ञ आणून सिद्ध करायला नको. साक्षीदाराच्या मताची जागा यंत्रानं घेतली आणि पुष्कळांना वाटलं की वकिलाचं काम संपलं. मग १९७९ साली फ्लोरिडातल्या मायामीत एका दूरचित्रवाणी वाहिनीनं रडार झाडावर रोखून दाखवलं. ताडाचं झाड ताशी शहाऐंशी मैलांनी जात होतं! एक घर अठ्ठावीस मैलांनी चाललं होतं. तिथल्या न्यायाधीश नेस्बिट यांनी ऐंशीएक तिकिटं एकत्र करून तज्ज्ञांची लांबलचक साक्ष ऐकली आणि त्या रडारचा पुरावा निःसंशय विश्वासार्ह नाही असा निर्णय दिला. इथेही तेच दिसतं. एका तिकिटासाठी एवढे तज्ज्ञ कोणी बोलावले नसते. ऐंशी एकत्र आली म्हणून ते झालं.

पण आजच्या अमेरिकेतला वेगाचा वकील झाडाची गोष्ट सांगत नाही. माझी एक भाची न्यूजर्सीत असते. तिला वेगाचं तिकीट मिळालं आणि तिनं चारशे डॉलर देऊन वकील केला. मी चकित झालो. फोनवर विचारलं, "अगं, दंडापेक्षा फी जास्त नाही का झाली?" ती म्हणाली, "मामा, दंडाचं कोण बघतंय? पॉइंट बघायचे." तिथे मर्यादेपेक्षा चौदा मैलांपर्यंत जास्त गेलात तर दोन पॉइंट, पंधरा ते एकोणतीसला चार, त्यापुढे पाच. पॉइंट चढले की विम्याचा हप्ता चढायची भीती, तीही पुढची काही वर्षं. न्यूजर्सीनं २००० साली 'असुरक्षित वाहन चालवणं' असा एक वेगळा गुन्हा कायद्यात घातला. त्याला पहिल्या दोन वेळा पॉइंट नाहीत. दंडाखेरीज अडीचशे डॉलर जादा सरकारजमा होतात. वकील सरकारी वकिलाशी बोलतो, वेगाचं तिकीट या गुन्ह्यात बदलून घेतो, सगळे घरी जातात. भाची खरोखर जोरात होती का, हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नाही. पैशांच्या हिशेबानं तिचा वकील शंभर टक्के वसूल झाला. अण्णांना मात्र हा व्यवहार पटला नसता. जोरात चालवली नाही म्हणणाऱ्याला 'असुरक्षित चालवली' असं लिहून देणं म्हणजे दगडापेक्षा वीट मऊ.

आता आपल्याकडे परत येतो. १९८८ च्या कायद्यानं जुना कायदा रद्द केला, पण ती वाक्यं राहिली. एका साक्षीदाराचं वाक्य आता कलम १८३ मध्ये आहे, चौदा दिवसांचं २०९ मध्ये, टपालाच्या कबुलीचं २०८ मध्ये. या २०८ मध्ये तर मनीऑर्डरच्या कूपनावरच गुन्हा कबूल असल्याचं लिहायची सोय झाली. २०१९ च्या दुरुस्तीनं हलक्या वाहनाचा वेगाचा दंड एक ते दोन हजार झाला आणि कलम १८३ मधल्या 'यांत्रिक' शब्दाला 'इलेक्ट्रॉनिक'ची जोड मिळाली. कॅमेऱ्यांबद्दल २०२१ मध्ये वेगळा नियम आला : उपकरणाला प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करायला हवं, कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक फलक हवेत, नोटीस पंधरा दिवसांत जायला हवी. कायद्यात चौदा, नियमात पंधरा. या एका दिवसात एखाद्या हुशार वकिलाचं घर चालू शकेल. पण दोन हजारांच्या दंडासाठी तो दिवस कोर्टात मांडायला कोण जाणार? लोक मोबाइलवर भरून टाकतात, नाहीतर लोकअदालतीची वाट बघतात. तिथे तडजोडीत रक्कम कमी होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

मलाही गेल्या वर्षी द्रुतगती मार्गावरचं चलन आलं. दुसऱ्याच दिवशी, फोटोसकट. इतकी कलमं पाठ असलेल्या माणसानं काय केलं? दोन मिनिटांत पैसे भरले. माझी गाडी खरोखरच मर्यादेच्या वर होती. 'कबूल' हा शब्दही कुठे लिहावा लागला नाही, नुसतं बटण दाबलं. रात्री छान झोप लागली. खरा गुन्हेगार मी, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तर वकील द्यावा का? गुन्हा खरा असेल आणि दंडाखेरीज मागे काही लागणार नसेल, तर देऊ नये. मी दिला नाही. लायसनवर पोट असेल, एकाच गाडीवर चलनांची माळ लागली असेल किंवा त्याच घटनेत अपघात आणि विम्याचा दावा अडकला असेल, तर द्यावा आणि आधी द्यावा, कबुली भरून झाल्यावर नव्हे. अण्णांचं प्रकरण यातल्या कोणत्या खणात बसतं हे मी आमच्या पेठेतल्या एका वकीलमित्राला विचारलं. त्यांनी समन्स उजेडात धरून दोनदा वाचलं. म्हणाले, "एक हवालदार, यंत्र नाही, अडुसष्ट दिवस. सुटले असते. तीन तारखा लागल्या असत्या."

तीन तारखा म्हणजे नव्वद रुपये. अण्णांच्या मालकाकडे तेव्हा आठ ड्रायव्हर होते. आठ जणांनी महिन्याला एकेक रुपया बाजूला ठेवला असता तर वर्षाचे शहाण्णव होतात. मी हा हिशेब आईला सांगितला. ती म्हणाली, "आठ जण एका जागी कधी असायचे रे? एक बेळगावला, तर एक पनवेलला."

वकीलमित्रांनीच मग समन्स उलटं केलं आणि पाठीमागची पेन्सिल भिंगाखाली धरली. ते अण्णांच्या रजिस्टर पत्राचं कच्चं टिपण निघालं. पहिली ओळ होती, 'मी सदर दिवशी गाडी जोरात चालविली नव्हती, परंतु येण्यास सवड नसल्यामुळे'. तिच्यावर आडवी रेघ मारलेली होती. मित्र म्हणाले, "ही ओळ ठेवून पत्र गेलं असतं तर कोर्टाला ते कबुली म्हणून घेता आलं नसतं. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार." खाली दुसरी ओळ होती, जास्त दाबून लिहिलेली, 'मला गुन्हा कबूल आहे', आणि त्याखाली सहीचा सराव केल्यासारखं त्यांचं नाव दोनदा.